दिलेला कागद परत येत नाही

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मेळाव्यात शिक्षक उभा राहिला की तो पालकांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगणार, हे ठरलेलेच असते. आज मी तसे करणार नाही. मी माझ्या स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करणार आहे. ती चूक मोबाईलवरून कागदपत्रे मागवण्याची होती आणि तिची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरच्यांनी मोजली.

मागील वर्षी माझ्याकडे नववीचा वर्ग होता. एका शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. कोणाचे पासबुक आले नव्हते, कोणाचा उत्पन्नाचा दाखला राहिला होता. मी घाईघाईने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश टाकला, "सर्व पालकांनी आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला यांचे फोटो आज रात्रीपर्यंत गटावर पाठवावेत." रात्री दहापर्यंत चाळीसच्या चाळीस पालकांचे कागद गटावर येऊन पडले. मला मोठा आनंद झाला. अर्ज वेळेत गेले. मुख्याध्यापकांनीही पाठ थोपटली.

त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने एका विद्यार्थिनीची आई शाळेत आली. त्या घरी शिलाईकाम करतात. त्यांना एक फोन आला होता. बोलणाऱ्याला मुलीचे नाव ठाऊक होते, वर्ग ठाऊक होता, बँक कोणती, खात्याचे शेवटचे आकडे कोणते, दाखल्यावर उत्पन्न किती लिहिले आहे, सर्व काही ठाऊक होते. तो म्हणाला, "तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. खाते तपासायचे आहे. मोबाईलवर आलेला आकडा सांगा." त्यांनी आकडा सांगितला. ईदच्या शिलाईचे साठवलेले ६,५०० रुपये खात्यातून गेले.

मी त्यांना म्हणालो, "पण आपा, ओटीपी कोणाला सांगायचा नसतो, हे आम्ही किती वेळा सांगितले आहे!" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, कागद तुम्हीच मागितले होते ना? त्याच्याकडे ते सगळे कागद होते. मला वाटले, शाळेकडूनच फोन असेल."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

कागद कोणत्या फोनमधून बाहेर गेले, ते शेवटपर्यंत कळले नाही. कळणारही कसे? मी एका संध्याकाळी फळ्यावर हिशेब मांडून पाहिला. चाळीस पालक आणि मी, असे गटावर ४१ फोन. प्रत्येक घरचे तीन कागद, म्हणजे १२० कागद. प्रत्येक कागद ४१ फोनांत. १२० गुणिले ४१ म्हणजे ४,९२० नकला, आणि त्याही एका रात्रीत! त्यांतले काही फोन लहान मुलांच्या हातात असतात. काही दुरुस्तीला दुकानात टाकलेले असतात. काही जुने म्हणून विकले जातात आणि आतले फोटो तसेच राहतात. ज्या कागदासाठी आपल्या आयाबाया पेटीला कुलूप लावत आल्या, त्याच्या जवळजवळ पाच हजार नकला मी माझ्या हाताने वाटल्या होत्या.

याहून वाईट गोष्ट पुढे घडली. त्या मुलीच्या वडिलांनी सांगितले, "आता आमच्या घरातून कोणताही फॉर्म जाणार नाही." मुलगी हुशार आहे. सहा हजारांचा तोटा भरून निघेल. पण भीतीपोटी तिचे पुढचे अर्ज थांबले असते तर तो तोटा कशाने भरून निघाला असता? म्हणून मी आज येथे बोलत आहे. कागद दिल्याशिवाय शिक्षण होत नाही आणि वाटेल तसा कागद दिला तर घर बुडते. या दोहोंच्या मधली वाट आपल्याला शोधायची आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. आपल्या वडिलांच्या पिढीला नोकरीसाठी अर्ज करायचा तर दाखल्याची नक्कल काढावी लागे. ती घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभे राहावे लागे. तो मूळ कागद पाही, नक्कल पडताळी, 'खरी नक्कल' असा शिक्का मारी आणि सही करी. त्रास फार होता, हे खरे. पण त्या त्रासात एक हिशेब आपोआप राहत असे. किती नकला काढल्या, कोणत्या कचेरीत दिल्या, हे माणसाला तोंडपाठ असे. आज बोटाने एकदा स्पर्श केला की कागद पुसदहून पुण्याला, पुण्याहून परदेशात जातो. त्रास गेला, त्याबरोबर हिशेबही गेला. विचारा स्वतःला, तुमच्या आधार कार्डाचा फोटो आजवर किती जणांकडे गेला असेल? येथे बसलेल्यांपैकी कोणालाही उत्तर देता येणार नाही. मलाही येणार नाही.

आधारची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातील पहिली आधार कार्डे देण्यात आली. ज्या गरीब माणसाजवळ ओळखीचा एकही कागद नाही, त्याला ओळख मिळावी, हा हेतू सांगितला गेला. हेतू चांगलाच आहे. परंतु ज्या किल्लीने सर्व दारे उघडतात, ती किल्ली जास्त जपावी लागते. आज आधारला बँक खाते जोडलेले आहे, रेशन जोडलेले आहे, मोबाईलचे सिम त्याच्यावर मिळते, शिष्यवृत्ती त्याच्यावर येते.

आता किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले आपल्या शेजारचेच आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. २०२४ साली राज्य सरकारने महिलांसाठी 'लाडकी बहीण' योजना आणली. त्याच वर्षी सप्टेंबरात हदगाव तालुक्यातील एका सेवा केंद्राचे प्रकरण वर्तमानपत्रांत गाजले. केंद्रचालकाने गावातील पुरुष मंडळींचे आधार कार्ड आणि पासबुक दुसऱ्याच कामाच्या नावाखाली घेतले आणि ते बहिणींच्या अर्जांना जोडले. योजनेचे पैसे त्या पुरुषांच्या खात्यावर आले. "तुमच्या खात्यावर रोजगार हमीचे पैसे आले आहेत," असे सांगून त्यांचे अंगठे घेतले आणि ते पैसे काढून नेले, अशी तक्रार झाली. खाते त्यांचे, अंगठा त्यांचा, नाव त्यांचे आणि पैसे भलत्याच्याच खिशात! सरकारी दप्तरी मात्र त्या भोळ्या माणसांनीच लाभ घेतल्याची नोंद.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील आहे. नवी मुंबईतील एका बाईंचा याच योजनेचा अर्ज काही केल्या भरला जाईना. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांच्या आधार क्रमांकावर आधीच कोणीतरी अर्ज भरलेला आहे. तपासाचा धागा खटाव तालुक्यातील एका जोडप्यापर्यंत गेला. बायकोचा फोटो आणि वेगवेगळ्या बायकांचे आधार क्रमांक वापरून सुमारे तीस अर्ज भरल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. हे क्रमांक त्यांना इंटरनेटवर उघड्यावर सापडले, असे बातम्यांत आले होते. लक्षात घ्या, त्या नवी मुंबईच्या बाईंची काही चूक नव्हती. पण हक्काच्या पैशासाठी धावपळ त्यांनाच करावी लागली.

आणि शिष्यवृत्तीचे काय? तो तर आपल्या घरचाच प्रश्न आहे. २०२० साली झारखंडमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा घोटाळा उघडकीस आला. दलालांनी गरीब कुटुंबांकडून आधार, बँकेचे तपशील आणि अंगठे घेतले, त्यांच्या नावावर शिष्यवृत्ती उचलली आणि मुलांच्या हातावर थोडीशी रक्कम ठेवली. पुढे केंद्र सरकारच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने देशभरातील १,५७२ संस्थांची तपासणी करवली. त्यांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद पडलेल्या निघाल्या. २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांत १४४ कोटी ८३ लाख रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज काढण्यात आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. हा पैसा तुमच्या-आमच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचा होता. तो लुटण्यासाठी कोणाला तिजोरी फोडावी लागली नाही. आपणच दिलेले कागद पुरेसे झाले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. फसवणारा पुष्कळदा आपल्याच ओळखीचा असतो, आपल्याच मोहल्ल्यातला असतो.

यावर कोणी म्हणेल, "सरकारच कागद मागते, शाळा मागते, बँक मागते. आम्ही गरिबांनी नाही कसे म्हणायचे?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आपला हक्क काय, तो थोडक्यात सांगतो. कर्नाटकातील निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, २०१२ साली, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निकाल दिला, की आपली खाजगी माहिती आपल्यापुरती ठेवणे हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने आधार योजना कायम ठेवली. पण शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून मुलाला त्याच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असेही सांगितले. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. या कायद्याचे सूत्र असे, की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी. म्हणजे "कशासाठी पाहिजे?" असे विचारणे हा उद्धटपणा नाही. तो आपला हक्क आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कागद देण्यापूर्वी चार प्रश्न विचारायचे. मी ते माझ्या वर्गातील मुलांकडून पाठ करून घेतले आहेत. कोण मागतो? कशासाठी मागतो? किती दिल्याने भागेल? काम झाल्यावर कागदाचे काय होईल?

पहिला प्रश्न, कोण मागतो? फोनवरून, अनोळखी नंबरावरून किंवा आलेल्या लिंकवरून कोणी कागद मागितला तर देऊ नये. तो शाळेचे नाव सांगो, बँकेचे सांगो की तहसील कचेरीचे. फोन ठेवावा आणि आपल्याजवळ असलेल्या नंबरावर आपण होऊन चौकशी करावी. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा 'जीओव्ही डॉट इन' असते. तेवढे तरी पाहावे. अमुक योजनेचा फॉर्म म्हणून गटागटांतून फिरणाऱ्या लिंका डोळे मिटून उघडू नयेत.

दुसरा प्रश्न, कशासाठी? ज्या कामासाठी नक्कल देता, ते काम नकलेवरच लिहा. झेरॉक्सवर पेनाने आडवे लिहावे, 'फक्त इयत्ता नववीच्या शिष्यवृत्ती अर्जासाठी', खाली तारीख आणि सही. अक्षरे कागदाच्या मजकुरावरून जावीत, म्हणजे ती कापून काढता येणार नाहीत. मात्र नाव आणि क्रमांक वाचता आले पाहिजेत. मग त्या झेरॉक्सचाच फोटो काढून पाठवावा. कोऱ्या नकलेवर कोणी सिम घेऊ शकतो, कोणी कर्ज काढू शकतो. लिहिलेली नक्कल दुसरीकडे चालवणे अवघड जाते. आपल्या वडिलांच्या वेळचा 'खरी नक्कल'चा शिक्का गेला, तर आपण आपला शिक्का तयार करू.

तिसरा प्रश्न, किती दिल्याने भागेल? पुष्कळ ठिकाणी फक्त ओळख पटवायची असते. त्यासाठी आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार काढता येते. त्यात बारा आकड्यांपैकी पहिले आठ झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने, आधारची नक्कल कोणालाही सरसकट देऊ नका, मास्क्ड आधार द्या, असे पत्रक काढले होते. त्याचा चुकीचा अर्थ निघेल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आले आणि लोकांनी नेहमीची काळजी घ्यावी, असे सांगण्यात आले. पत्रक मागे गेले तरी मास्क्ड आधारची सोय आहे तशीच आहे. जेथे पूर्ण क्रमांक लागतोच, तेथे तो द्यावा. शिष्यवृत्तीच्या अर्जात लागतो. पण स्पर्धेच्या प्रवेशिकेला, सहलीच्या यादीला, भाड्याच्या खोलीला त्याची गरज काय?

येथेच डिजिलॉकरविषयी सांगतो. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ही सोय सुरू केली. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, वाहन परवाना असे कागद ज्या त्या खात्याकडून थेट त्यात येतात आणि कायद्याने ते मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. जेथे डिजिलॉकरमधून कागद देता येतो, तेथे फोटो काढून पाठवण्याची गरजच उरत नाही. मात्र त्याचा पासवर्ड आणि पिन सेवा केंद्राच्या वहीत लिहून ठेवू नका!

आणखी एक. संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो, म्हणून ते सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल. तुमचे नाव आणि वय ज्याला ठाऊक, त्याला तो पासवर्डही ठाऊक. म्हणून अशी फाईल पाठवायचीच असेल तर तिला आपला वेगळा पासवर्ड घालावा आणि तो त्याच संदेशात न लिहिता फोन करून तोंडी सांगावा. कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून पाठवू नये.

चौथा प्रश्न, काम झाल्यावर काय? हा प्रश्न आपण कधीच विचारत नाही. आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो, दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवतो, प्रिंट घेतो, पैसे देतो आणि निघतो. कागद दुकानाच्या कॉम्प्युटरवर राहतो. तहसील कचेरीच्या आसपासची सगळी मंडळी प्रामाणिक आहेत असे धरले, तरी तो कॉम्प्युटर दिवसभरात किती जण हाताळतात? म्हणून प्रिंट हातात आली की दुकानदाराला विनंती करावी, "भाऊ, फाईल पुसून टाका, रिसायकल बिनमधूनही काढा." आणि ती पुसेपर्यंत तेथेच उभे राहावे. आपल्या फोनमधूनही तो संदेश 'सर्वांसाठी पुसा' करावा. ही सोय थोडा काळच चालते, म्हणून लगेच करावी. दुकानाच्या कॉम्प्युटरवर आपले व्हॉट्सअ‍ॅप किंवा ईमेल उघडले असेल तर बाहेर पडण्यापूर्वी ते बंद केल्याची खात्री करावी. फोन दुरुस्तीला देताना किंवा विकताना आतले फोटो आधी काढून घ्यावेत.

आपल्या समाजातील एका खास अडचणीकडेही लक्ष वेधतो. आपल्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग. 'शेख' हे एकच आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे असते. अर्ज अडकतो. मग शेंबाळपिंपरीहून, काळी दौलतहून आलेला बाप दिवसाची मजुरी बुडवून कोणातरी दलालाला गाठतो आणि म्हणतो, "भाई, एवढे दुरुस्त करून द्या." कागद देतो, मोबाईल देतो, आलेला ओटीपीही देतो. यावर खरा उपाय आधीच करायचा आहे. मूल पहिलीत येते तेव्हाच जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर आणि आधार यांवरील नाव एकसारखे आहे की नाही, ते पाहावे. आधारवरील नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून पहिल्याच वेळी दाखला पुढे ठेवून नीट बदलावे. त्यासाठी अधिकृत आधार केंद्रात स्वतः जावे.

अंगठ्याविषयीही सावध राहा. आधार क्रमांक आणि अंगठा यांवर खात्यातून पैसे निघू शकतात. "मशीन घेत नाही, पुन्हा अंगठा लावा," असे कोणी म्हटले तर प्रत्येक वेळी पावती मागा. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवरून किंवा संकेतस्थळावरून बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते. रेशन आणायला जाताना ते तात्पुरते उघडावे लागते, एवढे लक्षात ठेवा. नाहीतर दुकानावरून हात हलवत परत यावे लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. दहावीचा निकाल लागला की तुम्ही गुणपत्रिकेचा फोटो स्टेटसवर ठेवता. आनंद आहे, ठेवावासा वाटणारच. पण त्या कागदावर तुमचे पूर्ण नाव, आईचे नाव आणि बैठक क्रमांक असतो. टक्केवारी लिहा, पेढे वाटा. कागद मात्र पेटीत ठेवा. घरबसल्या नोकरी देतो म्हणून आधार, पासबुक आणि फोटो मागणाऱ्या जाहिरातींना बळी पडू नका. आणि कोणी "तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो," असे म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवला जातो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात.

मुलींच्या पालकांना एक विनंती आहे. मुलीच्या कागदावर तिचा फोटो, जन्मतारीख आणि घरचा पत्ता असतो, म्हणून तुम्हाला काळजी वाटते. ती वाटलीच पाहिजे. परंतु त्या काळजीचे ओझे मुलीच्या शिक्षणावर टाकू नका. कागद जपायला शिकवा, अर्ज थांबवू नका. घरात तिलाच या कामाची प्रमुख करा. कोणता कागद, कोणत्या तारखेला, कोणाला, कशासाठी दिला, हे एका वहीत लिहायला सांगा. दहा रुपयांची वही पुरे होईल.

इतके करूनही फसवणूक झाली तर? लाजेने गप्प बसू नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. पैसा पुढे सरकण्यापूर्वी तो अडवता येतो. आमच्या त्या आपांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितले. आम्ही फोन केला, पण तोवर पैसा पुढे निघून गेला होता. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर दिसते. आपले नसलेले सिम तेथूनच कळवता येते. आपले आधार मागील सहा महिन्यांत कोठे कोठे वापरले गेले, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. आणि आपल्या नावावर कोणी कर्ज काढले आहे का, हे पाहण्यासाठी पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो.

पालकांनो, हे सर्व मी तुमच्यावर ढकलून मोकळा होणार नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या गोठ्यात अजून पुष्कळ बैल आहेत. त्या घटनेनंतर मी वर्गाच्या गटावरील सर्व कागद मला जेवढे पुसता आले तेवढे पुसले. प्रत्येक पालकाला फोन करून त्यांच्या फोनमधून पुसायला सांगितले. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. आता माझ्या वर्गाचे कागद गटावर येत नाहीत. पालक स्वतः येतात किंवा मुलांच्या हाती बंद पाकिटात झेरॉक्स देतात, त्यावर काम लिहिलेले असते. अर्ज भरला की मी ते पाकीट परत करतो आणि वहीत सही घेतो. काम वाढले, हे कबूल. मुदतीच्या चार दिवस आधी जागे होण्याची माझी सवयही त्यामुळे मोडली.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे, की हा नियम एका वर्गापुरता न ठेवता सर्व वर्गांना लावावा. मुलांच्या कागदपत्रांसाठी कुलपाचे एक कपाट असावे, पासवर्ड असलेला एकच कॉम्प्युटर असावा, आणि त्याची जबाबदारी कोणाकडे आहे हे पालकांना ठाऊक असावे. यासाठी फार खर्च येणार नाही.

आपल्याकडे अमानत हा शब्द लहान मूलही जाणते. शेजारीण गावाला जाताना दागिन्यांचा डबा आपल्याकडे ठेवते, तेव्हा आपण तो उघडूनही पाहत नाही. परत आली की जसाच्या तसा तिच्या हाती देतो. मुलांचे कागद ही तशीच अमानत आहे, हे मला शिक्षक होऊन इतकी वर्षे झाल्यावर एका शिलाई करणाऱ्या आईने शिकवले.

शेवटी तिच्या मुलीविषयी सांगतो. मी तिच्या घरी चार वेळा गेलो. पहिल्या तीन वेळा तिच्या वडिलांनी मला चहा दिला, पण कागद दिले नाहीत. चौथ्या वेळी मुलगीच आतून पाकीट घेऊन आली. झेरॉक्सवर तिने स्वतःच्या अक्षरात आडवे लिहिले होते, 'फक्त इयत्ता दहावीच्या शिष्यवृत्ती अर्जासाठी.' खाली तारीख आणि वडिलांची सही. पाकीट माझ्या हातात देताना तिने विचारले, "सर, हे परत कधी देणार?"

मी तारीख सांगितली आणि त्या तारखेला पाकीट परत केले. तुम्हीही आम्हा शिक्षकांना हा प्रश्न विचारत जा. आम्हाला राग येणार नाही, असे मी वचन देतो.